तुझ्या डोळ्यातलं विरजण

काकी, तू गेलीस त्या दुपारी तुझ्या खोलीतला पंखा मी बंद केला. मे महिना, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, गॅलरीत जिन्यापर्यंत माणसं. कोणी म्हणालं लाइट गेली वाटतं. कोणी म्हणालं, कांताच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला बाहेर न्या. शेजारच्या राणेकाकूंनी बटणाकडे हात नेला तर मी बटणाला पाठ लावून उभी राहिले. तुझ्या मयताला आलेल्या माणसांना घामाने भिजवणारी बाई, असं आता आपल्या चाळीत माझं नाव झालंय.

ते का केलं ते तुला ठाऊक होतं. इतरांना मला त्या वेळी सांगता आलं नाही. भीती वाटली की मी बोलत सुटते, तूच म्हणायचीस की कांतेचा रेडिओ लागलो. त्या दिवशी मात्र रेडिओ बंद पडला. आता बोलते. तुलाच सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

मी लालबागला आले तेव्हा लग्न नवीन होतं. आमचे हे कॉटन ग्रीनच्या गोदामात माल उतरवायला जायचे आणि मी खोलीला आतून कडी लावून बसायची. बुलढाण्याकडचं गाव, सातवीनंतर शाळा सुटलेली, गॅलरीत एवढी माणसं एकमेकांशी भांडल्यासारखी बोलतात आणि मग एकमेकांच्या घरी कालवण पाठवतात, हे मला समजत नव्हतं. तू दार वाजवलंस. म्हणालीस, "देठां काढूक येतंस काय?"

मी विचारलं, "मले?"

"मले काय गो? माका म्हण नायतर मला म्हण."

खाली मसाल्याच्या दुकानात तू भट्टीवर मसाला भाजायला बसायचीस. गिऱ्हाइकं मिरची, धणे, खडा मसाला आणून द्यायची, तू भाजायचीस, मग तो कांडपाच्या गिरणीत जायचा. मिरचीची देठं काढायला बायका लागायच्या. मी आले. मी तुला तुम्ही म्हणायचे, तर तू मागे वळून बघायचीस. "माझ्या मागे आणि कोण उभा आसा?" आठवड्याभरात मी ‘तू’वर आले. गावाकडे सासूला कधी तू म्हटलं नाही मी, आईलाही नाही.

बोलताना तू माझ्या कानाकडे बघायचीस. मला वाटलं माझ्या कानातल्या खोट्या रिंगा बघतेस. दुसऱ्या दिवशी मी लग्नातली फुलं घालून आले. तरी तू कानाकडेच बघत होतीस. मग राणेकाकूंनी सांगितलं, तिला मधलं दिसत नाही गं, कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघायला जाईल तेच गायब होतं. म्हणजे माझा चेहरा बघायचा तर तुला कानाकडे बघावं लागत होतं. मला किती शरमल्यासारखं झालं. गल्लीतल्या लोकांना तर वाटायचं की बाई शिष्ट आहे, तोंडाकडे बघून बोलत नाही.

आणि त्याच आठवड्यात तू मला विरजण दिलंस. स्टीलच्या वाटीत, वर बशी झाकून. तुझ्या सासूने गावाहून दिलेलं, तेच तू रोज लावून लावून टिकवलं होतंस. आपल्या गॅलरीतल्या सगळ्या घरात तुझंच दही. मला म्हणालीस, नव्या घरात आधी जिवंत वस्तू होयी. आणि दोन गोष्टी बजावल्यास. लावल्यावर भांडं हलवायचं नाही. आणि दिवे लागल्यावर कोणाला विरजण द्यायचं नाही, मागायला साक्षात सून आली तरी. एकदा संध्याकाळी मांजराने आमचं दही सांडलं, मी तुझ्या दारात आले तर तू वाटी हातात घेतलीस आणि परत फळीवर ठेवलीस. "दिवे लागले. सकाळी ये." त्या रात्री आम्ही ताकाशिवाय भाकरी खाल्ली.

तुझे डोळे मिरचीने गेले, असं सगळी गल्ली म्हणायची. तूही म्हणायचीस. इतकी वर्षं भट्टीसमोर बसल्यावर दुसरं काय होणार? गुलाबपाणी झालं, धण्याचं पाणी झालं, दुधाची पट्टी झाली. चष्मे बदलले. मिरचीचा खाट, तो तिखट धूर, डोळ्यात साठतो आणि त्याचा थर बसतो, असं भट्टीवरच्या सगळ्याच बायका एकमेकींना सांगतात, आणि कोणीच डॉक्टरकडे जात नाही, कारण डॉक्टर म्हणेल काम सोडा. परळच्या इस्पितळात मी तुला ओढून नेलं ते तू भाजलेली मिरची काळी पडली आणि गिऱ्हाईक ओरडलं म्हणून. तुझं नाक कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी तुला सर्दी होती.

त्या डॉक्टरमॅडम वयाने लहान होत्या. तुझ्या डोळ्यात थेंब घालून, मशीनवर हनुवटी टेकवून त्यांनी फोटो काढले आणि आपल्याला दाखवले. तुला नाही दिसले, मला दिसले. मधे वाळलेल्या डबक्यासारखा डाग. त्या म्हणाल्या, "मिरचीने डोळा चुरचुरतो मावशी, पडदा जात नाही. हे वयाने होतं. पडद्याच्या खाली एक पातळ थर असतो, तो पडद्याला खाऊ घालतो. तुमचा तो थर मधे वाळलाय, म्हणून वरचा पडदा उपाशी मरतोय."

"औषध?"

"या प्रकाराला आत्ता तरी नाही."

बाहेर बाकावर तू पदराने डोळे पुसलेस. मला वाटलं रडतेस. तू म्हणालीस, "म्हणजे इतकी वर्षां मी मिरचीक फुकट शिव्या घातलंय." दुसऱ्या दिवशी भट्टीवर बसायच्या आधी तू मूठभर बेडगी उचललीस आणि कपाळाला लावलीस. बायका हसल्या. मी नाही हसले.

मग पुष्कळ दिवस तसेच गेले. तू भाजायचीस वासावर आणि मी शेजारी बसून रंग सांगायचे. "आता?" "आता विटेसारखा." "अजून जरा." आपली ती जोडी गल्लीला माहीत झाली होती. खरं सांगू, मला ती आवडत होती. तुला माझी गरज होती, आणि या शहरात कोणाला आपली गरज आहे हे कळल्यावर रात्री झोप लागते.

विनायकला मात्र घाई होती. तुझा मुलगा, विरारला राहणारा, आईचं काही तरी केलं पाहिजे म्हणून जीव वरखाली करणारा. त्याने मोबाइलवर एका क्लिनिकचा व्हिडिओ आणला. पोटातली चरबी काढायची, तिच्यातून मूळपेशी काढायच्या, दोन्ही डोळ्यात सुई, संध्याकाळी घरी. पैसे भरा आणि या. तो म्हणाला, "आई, सायन्स किती पुढे गेलंय बघ." तू विचारलंस, "दोनय डोळ्यात एकदम?" तो म्हणाला हो. तू म्हणालीस, "मगे तो विरजण लावणारो नाय, दूध नासवणारो आसा. एका भांड्यात लावून बघल्याशिवाय कोण दुसऱ्या भांड्याक हात लावता?"

तो चिडला. तरी मॅडमना विचारायला आला. त्यांनी तो व्हिडिओ पुरता बघितलाही नाही. "असल्या ठिकाणी डोळे गेलेली माणसं शेवटी आमच्याकडे येतात. जो पैसे घेऊन मूळपेशी देतो त्याच्या पायरीवर चढू नका. हे अजून चाचणीत आहे, आणि खऱ्या चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत."

तेव्हाच पहिल्यांदा कळलं की तशी खरी चाचणी होणार आहे. त्यांनी समजावलं. मूळपेशी म्हणजे अशा पेशी, ज्यांनी अजून काय व्हायचं ते ठरवलेलं नाही. प्रयोगशाळेत त्यांना वाढवून त्या थराच्या पेशी करायच्या. मग ऑपरेशन करून थेंबभर पडद्याखाली सोडायच्या. एकाच डोळ्यात, जो जास्त खराब आहे त्याच्यात. धरल्या तर धरल्या. अजून काय व्हायचं ते ठरवलेलं नाही, हे ऐकून मला त्या पेशींचा हेवा वाटला. माझं सातवीतच ठरलं होतं.

तू म्हणालीस, "म्हणजे विरजण."

"काय?"

"पडदो माझो, तुम्ही चमचाभर घालतलास. लागला तर दही, नायतर दूध गेला."

मॅडम हसल्या नाहीत, विचार करत होत्या. "साधारण तसंच. पण मावशी, एक ऐका. आत्ता आम्ही फक्त हे बघतोय की याने काही अपाय होत नाही ना. दिसायला लागेलच असं मी सांगणार नाही. कदाचित काहीच फरक पडणार नाही."

घरी येऊन आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणत होते, आहे तेवढं राहू दे. कडेचं दिसतं ना? जिना उतरतेस, चूल पेटवतेस. कशाला आपल्यावर शिकू द्यायचं त्यांना? तू म्हणालीस, "पहिला घावन तव्याक चिकटताच. तां कोणीतरी खाऊक होया." मी म्हटलं, तूच कशाला? तू म्हणालीस, "माका भूक लागली आसा म्हणून. माका दिसूक होया गो. तुका काय वाटला, मी लोकांसाठी करतंय?"

ते बरं केलंस सांगितलंस. तू मोठेपणा केला असतास तर मी आणखी भांडले असते. भूक लागली आहे म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

कागद मी वाचून दाखवला, कारण तुला बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि विनायकला उशीर झाला होता. पानंच्या पानं. शरीराने परक्या पेशी बाहेर टाकू नयेत म्हणून द्यायच्या औषधांचं नाव आलं तिथे मी अडखळले, परत अडखळले. मॅडम म्हणाल्या मी वाचते. तू म्हणालीस, "तीच वाचूंदे. माका खय गाडी पकडूची आसा?" मी सातवी पास बाई, आणि एका मोठ्या इस्पितळात बसून डॉक्टरांसमोर वाचत होते आणि सगळे थांबले होते. शाळेतसुद्धा माझ्यासाठी इतका वेळ कोणी थांबलं नव्हतं.

शेवटी एक परिच्छेद आला, तो मी पटकन ओलांडला. तू म्हणालीस, "मागे जा. तुझो आवाज बदललो." मग वाचावं लागलं. मृत्यू झाला तर डोळा तपासायला द्याल का, असं होतं. पेशी आत टिकल्या की नाही, हे खरं खरं तेव्हाच कळतं. दुसऱ्या डोळ्याचं बुबुळ चांगलं असेल तर ते दुसऱ्या कोणाला बसवता येईल.

विनायक तेवढ्यात पोचला होता. म्हणाला, "आई, ते नको. डोळे दिले तर पुढल्या जन्मी आंधळं व्हायला होतं म्हणतात."

तू त्याच्या कानाकडे बघितलंस. "पुढल्या जन्माचा पुढल्या जन्मी. गेल्या जन्मी मी कोणाक दिले होते म्हणून ह्या जन्मी असे गावले?"

मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं. बहुतेक हसू आवरत होत्या.

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी. मॅडमनी सांगितलं होतं की सुरुवातीला उताणं पडून राहा, मान फार हलवू नका, मग हळूहळू उठलात तरी चालेल. सुरुवातीला म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं होतं, आणि ते आपण दोघींनी ऐकलं होतं. पण तुझ्या डोक्यात विरजण. घरी आल्यावर तू भिंतीला टेकून बसलीस ती बसलीसच. हो म्हणायला मान हलवायची नाहीस, नाही म्हणायलाही नाही. दातांच्या फटीतून बोलायचीस. राणेकाकू तब्येत बघायला आल्या आणि त्यांनी त्यांच्या जावयाचा काही किस्सा काढला, तर तू म्हणालीस, "हिका भायर काढा, माका हसू येतला." खरंच त्यांना बाहेर काढलं मी. गल्लीत गणपतीच्या पाद्यपूजनाचे ढोल सुरू झाले तर मला खाली पाठवलंस, जरा लांब वाजवा म्हणून सांगायला. लालबागमध्ये. ढोल लांब वाजवा म्हणून. मंडळाच्या पोरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काही न बोलता परत आले आणि तुझ्या कानावर उशी धरून बसले. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मीही तितकीच घाबरले होते, मलाही वाटत होतं की थर मोडेल.

दाखवायला गेलो तेव्हा डोक्यावर पाण्याची कळशी असल्यासारखी चालत होतीस. मॅडमनी विचारलं, "मान का धरलीय?"

मी सांगितलं, विरजण लावल्यावर भांडं हलवायचं नाही.

त्यांनी कपाळाला हात लावला. "मावशी, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना, नंतर उठायचं?"

"तुम्हीच म्हणालात लागाक वेळ लागता."

मग त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावली. त्या दिवसापासून त्याही विरजणच म्हणायला लागल्या. काय मावशी, विरजण काय म्हणतंय?

परक्या पेशी टिकाव्यात म्हणून दिलेल्या गोळ्यांनी आजार पटकन लागतो, म्हणून तुला गर्दीत जायला बंदी. गणपतीत आपल्या दारावरून अख्खी मुंबई जाते आणि तू मास्क लावून गॅलरीत, खुर्चीवर. भट्टीही बंद. मी एकटी भाजत होते आणि दर वेळी वर येऊन तुला चिमूटभर वास द्यायचे. तू मास्क बाजूला करून हुंगायचीस. "करपली." "अजून कच्ची." एकदा म्हणालीस, "आता माझ्याशिवाय जमताला तुका." मला ते आवडलं नाही.

आणि मग ती थंडीतली सकाळ. गॅलरीत ऊन तिरकं येत होतं, मी सुपात मिरच्या घेऊन देठं काढत बसले होते. तू मॅडमनी शिकवल्याप्रमाणे एकेक डोळा झाकून बघत होतीस. डावा तळहाताने झाकलास आणि माझ्याकडे वळलीस. कानाकडे नाही. सरळ.

"कांते, तुझ्या हनुवटीवर तीन ठिपके आसत. मधलो वाकडो."

माझं गोंदण. लहानपणी जत्रेत गोंदणारणीने काढलेलं. दुसऱ्या ठिपक्याला मी मान झटकली म्हणून तो वाकडा गेला. आमच्या ह्यांनीही कधी बघितलेलं नाही की तो वाकडा आहे. गोंदण हाताला लागत नाही, ते फक्त दिसतं. मी तसाच हात डोळ्याला लावला आणि मिरची डोळ्यात गेली. मग किती तरी वेळ पाणी वाहत होतं. तू म्हणालीस, "मिरचीच्या हातान डोळे पुसतंस, आणि माका शिकयतंस." आपण दोघींनी ते मिरचीवरच ढकललं.

पुढच्या तपासणीला तू चार्ट वाचलास. मॅडम म्हणाल्या, फरक असला तरी मोजण्याइतका नाही. मी तुला कोपराने ढोसलं. तू खुर्चीवरून उठलीस. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ठिपक्यांचं का नाही सांगितलंस?"

"चार्टावर ठिपके नाय. अक्षरां आसत."

"पण दिसले ना तुला?"

"माका काय दिसला तां माझा. त्यांका चार्टावरचा होया."

"सांगायला काय जातं?"

तू रस्त्यात थांबलीस. "राण्यांच्या लग्नात वरण बरा झाला म्हणून सांगितलंय, तसली गोष्ट नाय ही. उद्या हे दुसऱ्याच्या डोळ्यात सुई घालतले. माझ्या तोंडान गोड सांगितलंय म्हणून घालूचे?"

मग मी घाबरले. दिसलं असतं तर तू सांगितलं असतंस. ज्या अर्थी सांगत नाहीस त्या अर्थी दिसलं नसेल, मला बरं वाटावं म्हणून बोलली असशील. मी तुला परत परत विचारलं. टॅक्सीत विचारलं, जिन्यात विचारलं. तू म्हणालीस, "एकदा सांगितलंय ना." भांडण तिथेच थांबलं. मी ठरवलं होतं की संक्रांतीचा तिळगूळ झाला की सरळ समोर बसून विचारायचं. मग होळी झाल्यावर. मग मसाल्याचा सीझन उरकल्यावर.

सीझन उरकला नाही. त्या दुपारी मी तुला चहा दिला. तू कप खाली ठेवलास, भिंतीला टेकलीस, आणि मला वाटलं डोळा लागला. खालच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं, हृदय. मॅडमना मी नंतर खोदून खोदून विचारलं की त्या पेशींमुळे तर नाही ना. त्यांनी मला झिडकारलं नाही. म्हणाल्या, संबंध दिसत नाही, पण आम्हाला वर कळवावं लागतं, त्याचा तपास होईल. खोटा धीर दिला नाही म्हणून मला धीर आला.

तर पंखा. मॅडमनी मला पाठ करून घेतलं होतं, वेळ आली तर काय करायचं. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद, लगेच फोन. वाऱ्याने बुबुळ सुकतं. मी तेवढंच केलं. बाकी रडणं वगैरे मला जमलं नाही. कोणी तरी म्हणालं, "आंधळ्या बाईचे डोळे घेऊन करणार काय?" मला सांगायचं होतं की ती आंधळी नव्हती, तिला कडेचं सगळं दिसत होतं, तुम्ही सगळे कडेचेच होता. पण मी बटणाला पाठ आणखी घट्ट लावली.

विनायक आला तेव्हा घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्याने तुझ्याकडे बघितलं, वर पंख्याकडे बघितलं आणि बटणाकडे आला. मी हलले नाही. तो म्हणाला, "वहिनी, बाजूला हो." कधी इतक्या हळू बोलत नाही तो. मी तुझ्या डोळ्यांवरच्या कापसाकडे बोट दाखवलं. एवढंच. त्याला आठवलं असावं. डोळे द्यायच्या कागदावर सही त्याचीच लागणार होती, त्याने नाही म्हटलं असतं तर माझ्या पाठीने काय झालं असतं? त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग शर्टाची वरची बटणं काढली आणि तुझ्या पायाशी बसला. राणेकाकूंना म्हणाला, "बंदच राहू दे. ज्यांना उकडतंय त्यांनी गॅलरीत बसा." राणेकाकू पदराने गळा पुसत बसून राहिल्या. एकही बाई उठली नाही, काकी. इस्पितळाची माणसं आली, काम करून गेली, तेव्हाच पंखा लागला. तुझा चेहरा जसा होता तसाच होता. मी नीट बघितला.

मॅडमचा फोन काल आला. डाव्या डोळ्याचं बुबुळ कोणाला तरी बसवलं, कोणाला ते सांगत नाहीत. उजव्याची तपासणी सुरू आहे, वेळ लागेल. त्यांनी विचारलं, "पेशी टिकल्या होत्या का ते कळेल. तुम्हाला कळवू का?"

मी म्हटलं, कळवा. आणि मग, काकी, तुला न विचारता मी सांगून टाकलं. ठिपक्यांचं. मधला वाकडा. सरळ बघितलंस ते.

त्यांनी ते माझ्याकडून परत एकदा सांगून घेतलं. मग म्हणाल्या, "तेव्हा का नाही सांगितलं?"

"ती नको म्हणाली. चार्टावर नाही म्हणाली."

"बरोबर आहे त्यांचं. मलाही लिहिता येणार नाही." मग म्हणाल्या, "पण मी विसरणार नाही."

मी विचारलं, तपासणीत ते कळेल का, तिला दिसलं होतं की नाही? त्या म्हणाल्या, नाही. पेशी होत्या का एवढंच कळेल.

फोन ठेवल्यावर एक गोष्ट माझ्या मनात आली, ती आधी का आली नाही कोण जाणे. कदाचित गोंदणाची हकीकत मीच तुला सांगितली असेल. पहिल्या वर्षी, देठं काढताना. मी तेव्हा घाबरून किती बोलायचे, काय काय बोलले ते मला एक आठवत नाही. जत्रा, गोंदणारीण, मान झटकली, सगळं सांगितलं असेल. आणि तू ते इतकी वर्षं ठेवलं असशील. तसं असेल तर तू मला बघितलं नाहीस, ऐकलंस. मी दिवसभर हे उलटंपालटं करून बघतेय. कुठूनही बघितलं तरी मी गरीब होत नाही. निकाल आला की येईल. भीती वाटते, पण नेहमीची नाही.

तुझं दही तेराव्याच्या आधीच गेलं. सुतक म्हणून माधुरीने, तुझ्या सुनेने, सगळी भांडी घासून पालथी घातली, दूध-दही ओतून दिलं. तिला तरी काय माहीत? आज ते विरारला निघाले. सामान खाली गेलं होतं, विनायक टॅक्सी बघायला गेला होता, आणि माधुरी माझ्या दारात आली. हातात तुझीच स्टीलची वाटी.

"वहिनी, आईंच्यातलं विरजण तुमच्याकडे आहे ना? आमच्याकडे त्यांचं काहीच राहिलं नाही."

गॅलरीतले दिवे लागले होते. देवापुढे मीही दिवा लावला होता. मी फळीवरचं भांडं घेतलं आणि माझा हात थांबला. तिने बघितलं. तिलाही माहीत असणार, तुझ्याच घरात आलेली. म्हणाली, "सकाळी येता नाही येणार हो मला."

मी चमचा घेतला आणि वाटीत घातला. एक, आणि वर अजून अर्धा. झाकायला बशी दिली. तू रागावली असशील तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नको.

दारातून वळून तिने विचारलं, "इतक्या लांब जायचंय. गाडीत हलेल ना?"

मी म्हटलं, "विरजण हललं तर काही होत नाही गं. ते कितीही लांब ने. लावलंस की मग हलवू नकोस."